ड्रोनचं इंजिन, पुट-पुट आणि आर्मीचे जनरेटर: मिलिटरी सरप्लसमधल्या छोट्या इंजिनांची पार्श्वभूमी

अमेरिकेत मिलिटरी सरप्लसमधली, म्हणजे आर्मीने नको म्हणून विकून टाकलेल्या मालातली, छोटी इंजिनं गोळा करायची, साफसूफ करून स्टँडवर बसवायची आणि चालू करून बघायची असा छंद असलेले लोक बरेच आहेत. त्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडच्या लोकांना पहिला प्रश्न पडतो तो हा की एवढंसं इंजिन आर्मीला लागत कशाला होतं? प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि माझं म्हणणं असं की इंजिन विकत घेणाऱ्यानेही सुरुवात याच प्रश्नापासून करावी, कारण ते कुठल्या कामासाठी बनलं होतं यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणजे स्टँड कसा हवा, थंड कसं ठेवायचं, लोड काय द्यायचा, आणि एका वेळी किती मिनिटं चालवायचं ते सुद्धा.

सगळ्यात भारी गोष्ट टार्गेट ड्रोनची आहे. रेजिनाल्ड डेनी हा ब्रिटिश नट, पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये होता, नंतर हॉलीवूडमध्ये स्थायिक झाला आणि तिथे मॉडेल विमानांच्या नादाला लागला. नाद इतका की १९३० च्या दशकात त्याने हॉलीवूड बुलेव्हार्डवर हॉबी शॉप काढलं. त्याच्या मॉडेल विमानांसाठी वॉल्टर रायटर नावाच्या माणसाने इंजिन बनवलं, ते डेनीमाइट म्हणून विकलं जायचं. त्या काळी विमानविरोधी तोफांच्या सरावासाठी एक खरं विमान मागे कापडी नळी ओढत न्यायचं आणि खालचे लोक त्या नळीवर नेम धरायचे. डेनीचं म्हणणं होतं की रेडिओवर चालणारं छोटं विमानच उडवा आणि त्यालाच पाडा. १९४० मध्ये आर्मीने पहिली ५३ विमानं मागवली आणि मग ओक्यू-२ हे मॉडेल आलं, त्यात रायटरचं दोन सिलेंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, साधारण ६ एचपी, आणि एकाच आसावर एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन पंखे (प्रोपेलर), म्हणजे इंजिनच्या झटक्याने एवढंसं विमान एका बाजूला कलू नये. पुढच्या ओक्यू-३ मध्ये एकच पंखा ठेवला आणि ताकद ८ एचपीपर्यंत नेली. युद्ध संपेपर्यंत डेनीच्या रेडिओप्लेन कंपनीने जवळपास १५,००० ड्रोन बनवले. १९४५ मध्ये कॅलिफोर्नियात व्हॅन नाइसला त्याच कंपनीच्या कारखान्यात पंखा हातात धरलेल्या एका कामगार मुलीचे फोटो काढले गेले, तिचं नाव नॉर्मा जीन, पुढे जगाने तिला मॅरिलिन मन्रो म्हणून ओळखलं.

आता या विमानाचं आयुष्य बघा. कॅटपुल्टवरून सोडायचं, तोफांनी झोडपायचं, वाचलंच तर पॅराशूटने खाली उतरवायचं. अशा विमानातलं इंजिन वर्षानुवर्षं टिकावं असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं, ते हलकं हवं, स्वस्त हवं आणि तेवढा वेळ पूर्ण ताकदीने ओरडलं पाहिजे, बस. म्हणून ड्रोनचं इंजिन बेंचवर तासभर चालवायचा विचार मनातून काढूनच टाका. त्याला ना गव्हर्नर (आरपीएम ठरलेल्या जागी ठेवणारी यंत्रणा) ना वेगळं थंड करणारं ब्लोअर, पंखा हेच त्याचं फ्लायव्हील, तोच लोड आणि तोच हवेचा झोत. पंखा काढून चालू केलं की आरपीएम क्षणात हाताबाहेर जातं. जाणकार लोक लाकडी क्लब लावतात, म्हणजे आखूड आणि रुंद पात्यांचा टेस्टिंगचा पंखा, त्याने इंजिनला लोड मिळतो आणि सिलेंडरवर हवाही येते. स्टँड काँक्रीटला बोल्टने आवळलेला, पेट्रोलचा कॉक आणि बंद करायचा स्विच पंख्याच्या मागच्या बाजूला, आणि पंख्याच्या रेषेत कोणीही उभं नाही, यात कसलीही सूट नाही.

युद्धानंतर याच जागी मॅकलॉकचं इंजिन आलं, तेच चेनसॉवाले मॅकलॉक. मॉडेल ४३१८, चार सिलेंडर, टू-स्ट्रोक, एअर-कूल्ड, १०० घन इंच म्हणजे १६०० सीसीच्या थोडं वर, वजन ३५ किलोच्या आसपास आणि ताकद ७२ एचपी. एवढ्या वजनात एवढी ताकद त्या काळी दुसरीकडे सहज मिळत नव्हती. हे इंजिन लावलेले ड्रोन हजारोंनी बनले, त्यामुळे इंजिनंही सरप्लसमध्ये ढिगाने आली आणि ती बरोबर एका माणसाच्या हाताला लागली, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलीचा इगॉर बेन्सन. घरी बनवता येईल असा एकट्याचा जायरोकॉप्टर (वरचं मोठं पातं हवेच्या झोताने आपोआप फिरतं, मागचा पंखा पुढे ढकलतो, असं छोटं विमान) त्याने डिझाइन केला, १९५५ मध्ये इंजिनसकट उडवला, आणि नंतरचं बी-८एम हे मॉडेल याच मॅकलॉकवर. त्याचे प्लॅन पोस्टाने विकले जायचे, लोक गॅरेजमध्ये फ्रेम जोडायचे आणि मागे सरप्लसचं इंजिन अडकवायचे. जे इंजिन गोळी खाऊन पडायला बनलं होतं त्याच्या भरवशावर माणूस हवेत जायला लागला, मला हे कितीही वेळा वाचलं तरी अंगावर काटा येतो. (जाता जाता, ही मॅकलॉक कंपनी काढणाऱ्या रॉबर्ट मॅकलॉकने १९६८ मध्ये लंडन ब्रिज विकत घेतला आणि दगड दगड सुटा करून अ‍ॅरिझोनात लेक हवासूला नेऊन उभा केला.)

जर्मनीतही असंच एक रत्न होतं. मेसरश्मिट एमई-२६२ या जेट विमानाच्या युमो ००४ इंजिनाच्या नाकात एक छोटं दोन सिलेंडरचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलेलं असायचं, नॉर्बर्ट रीडेलचं, २७० सीसी आणि १० एचपीच्या आसपास. त्याचं काम एकच, जेट फिरवून चालू करून देणं. इलेक्ट्रिक स्टार्टर दगा द्यायला लागला तर दोरी ओढूनही चालू व्हायचं. युद्धानंतर रीडेलने इमे नावाची छोटी मोटरसायकल काढली. हे स्टार्टर इंजिन आज हाती लागणं महाकठीण.

मोठ्या बॉम्बर विमानांमध्ये जमिनीवर असताना वीज लागायची, त्यासाठी विमानातच पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर असायचा, सैनिक त्याला पुट-पुट म्हणायचे. होमलाइट कंपनीचे २८ व्होल्टचे टू-स्ट्रोक सेट यात प्रसिद्ध. बी-२९ मध्ये तर टेकऑफ आणि लँडिंगलाही पुट-पुट चालू ठेवायचे, आणि ते चालू करून सांभाळणं ही शेपटीकडच्या तोफवाल्याची ड्यूटी. बी-२४ लिबरेटरमध्ये ते नाकाच्या चाकाजवळ असायचं. इथे आपला थेट संबंध येतो, कारण युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेल्या लिबरेटरच्या ढिगातून एचएएलने ४० हून जास्त विमानं पुन्हा उडती केली, टेस्ट पायलट जमशेद मुन्शी ती कानपूरहून बंगलोरला उडवत घेऊन गेले, आणि एअरफोर्सने ती १९६८ पर्यंत वापरली. ती वापरणारं ६ नंबरचं स्क्वाड्रन १९५१ मध्ये पुण्यात, लोहगावला उभं राहिलं. जगातल्या काही म्युझियममधले लिबरेटर आपल्या एअरफोर्सकडूनच गेलेत, आणि एक पालमच्या म्युझियममध्ये आहे.

पण मला स्वतःला सगळ्यात जास्त जीव लावावासा वाटतो तो अमेरिकन आर्मीच्या मिलिटरी स्टँडर्ड इंजिनांवर. दुसऱ्या महायुद्धात आर्मीने ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून छोटी इंजिनं घेतली, ब्रिग्ज, होमलाइट, ओनान, कॉन्टिनेंटल, आणि मग एकाचा पिस्टन दुसऱ्याला बसेना, सुटे भाग पुरवता पुरवता नाकी नऊ आले. युद्ध संपल्यावर ठरलं की आता आर्मीची स्वतःचीच एक फॅमिली हवी. ती नावातच दिसते: १ए०८, २ए०१६, ४ए०३२. पहिला आकडा सिलेंडर किती, ए म्हणजे एअर-कूल्ड, शेवटचा आकडा घन इंच. म्हणजे ८ घन इंचाचा एकच सिलेंडर, तोच एकदा, दोनदा, चारदा वापरलेला, आणि ताकद १.५, ३ आणि ६ एचपी. वरच्या साईजला २१ घन इंचाचा सिलेंडर, त्यातून २ए०४२ म्हणजे १० एचपी आणि ४ए०८४ म्हणजे २० एचपी. इतकं सरळ, इतकं विचार केलेलं डिझाइन, आणि सगळी फोर-स्ट्रोक ओव्हरहेड व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह सिलेंडरच्या डोक्यावर, तेही घरच्या गवत कापायच्या मशीनची इंजिनं बहुतेक साइड व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह सिलेंडरच्या बाजूला, होती त्या काळात.

हे इंजिन पहिल्यांदा जवळून बघणारा अडतो तो प्लगवर. नेहमीची रबरी टोपी इथे चालत नाही, प्लग वरून नळीसारखा धातूने झाकलेला असतो आणि वायर जाळीदार कवचातून येऊन त्यावर आट्यांनी आवळली जाते. प्लगला ठिणगीची वीज देणारा मॅग्नेटोही पूर्ण बंद डब्यात. कारण शेजारी रेडिओ सेट चालू असायचा आणि ठिणगीची खरखर त्यात ऐकू येता कामा नये. बाजारातला साधा प्लग लावायचा तर कवच काढून अडॅप्टर करावा लागतो, बरेच लोक करतातही, पण मला ते पटत नाही, ते कवच म्हणजेच त्या इंजिनाची ओळख आहे.

साठवण हाही आर्मीचाच विषय. स्पेअर म्हणून ठेवलेलं इंजिन आतून प्रिझर्व्हेटिव्ह ऑईल मारून, प्लगच्या जागी ओल शोषणारे डिहायड्रेटर प्लग लावून, हवाबंद पिशवीत घालून खोक्यात जायचं, त्यामुळे कित्येक वर्षांनी खोकं उघडलं तरी सिलेंडर आतून चकचकीत निघतो. तरी लगेच दोरी ओढायची नाही. आधी जुनं चिकट ऑईल धुवायचं, हाताने फिरवून कॉम्प्रेशन बघायचं, मॅग्नेटोचे पॉइंट्स घासायचे, कंडेन्सर तपासायचा, आणि टू-स्ट्रोक असेल तर क्रँकचे सील बदलायचेच, कारण कडक झालेल्या सीलमधून हवा आत घुसली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल-ऑईल कमी, आणि पिस्टन जाम होतो. जनरेटरची इंजिनं मात्र लोड देऊन बघावीत, हीटरची रांग लावून एकेक चालू करत जायचं आणि गव्हर्नर आरपीएम सांभाळतो का ते ऐकायचं.

हा माल बाहेर यायला दोन मोठी कारणं झाली. पहिलं १९४४ चा सरप्लस प्रॉपर्टी कायदा, त्यातून युद्धाचा प्रचंड साठा सर्वसामान्यांच्या हातात आला. दुसरं १९८० च्या दशकाच्या शेवटचं धोरण, रणांगणावर एकच इंधन, ट्रक असो, रणगाडा असो की जनरेटर, सगळे त्याच इंधनावर. पेट्रोलवर चालणाऱ्या स्टँडर्ड इंजिनांना मग जागाच उरली नाही, त्यांच्याऐवजी डिझेलचे सेट आले आणि जुने लिलावात निघाले. त्यामुळे २ए०१६ आणि ४ए०३२ आजही अमेरिकेत मिळून जातात. ड्रोनच्या मॅकलॉकचं तसं नाही, जायरोकॉप्टरवाल्यांनी ती वर्षानुवर्षं पिळून वापरली, आणि आता चांगले सिलेंडर आणि क्रँक शोधायचे म्हणजे जुन्या उडवणाऱ्यांच्या ओळखी काढाव्या लागतात.