ऑक्सिजन मोजून का, आणि धाप लागत असताना चालायचं का: सीओपीडीच्या नियमांमागची पार्श्वभूमी

सीओपीडीच्या, म्हणजे जुनाट ब्राँकायटिस (श्वासनलिकांची सूज) आणि एम्फिसीमा (फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे, म्हणजे वायुकोश, फाटणं) या जोडगोळीच्या रुग्णाला डॉक्टर आज जे सांगतात, त्यातलं बरंचसं साठ-सत्तर वर्षांपूर्वी नेमकं उलट सांगितलं जायचं. तेव्हाचा सल्ला होता पडून राहा. आज सांगतात चाला. तेव्हा ऑक्सिजन एक तर भरमसाट मिळायचा, नाहीतर भीतीपोटी मिळायचाच नाही. आज तो मोजून देतात, पण ज्यांना घरी लागतो त्यांना रोज किमान १५ तास. हे बदल का झाले ते माहीत नसलं की नियम पाळताना हमखास चुका होतात, कारण यातले निम्मे नियम मनाला पटत नाहीत.

आजार जुनाच, मोजमाप मात्र उशिरा आलं. स्टेथोस्कोप शोधून काढणाऱ्या रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरांनी १८१९च्या ग्रंथात छाती उघडल्यावरही न आक्रसणाऱ्या, हवेने फुगलेल्याच राहणाऱ्या फुप्फुसांचं वर्णन केलं. १८४६ मध्ये जॉन हचिन्सन यांनी पाण्यात उपड्या ठेवलेल्या भांड्याचा स्पायरोमीटर मांडला आणि दोन हजारांहून जास्त माणसांचा श्वास मोजला. पण त्यांनी मोजली ती एकूण हवा, आणि सीओपीडीत अडचण असते वेगाची. श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात. वायुकोशांच्या भिंती फाटल्यामुळे नलिकांना बाहेरून ताणून धरणारा आधारही गेलेला असतो. जोरात श्वास सोडला की त्या मिटतात. पुरेसा वेळ दिला तर असा रुग्ण बरीच हवा बाहेर काढतो, आणि जुन्या यंत्रावर जवळजवळ धडधाकट ठरतो. १९४७ साली तिफनो आणि पिनेली यांनी पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते ते मोजलं, तेव्हा कुठे हा आजार आकड्यात सापडला.

आजचं निदानही त्याच आकड्यावर आहे. श्वासनलिका सैल करणारं औषध दिल्यावर पहिल्या सेकंदातली हवा एकूण फुंकरीच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर अडथळा कायमचा आहे असं धरतात. इथे एक घोळ नेहमी होतो. फुंकर पूर्ण रिकामं होईपर्यंत मारायची असते, आणि रुग्ण दोन-तीन सेकंदांत दमून थांबतो. मग एकूण आकडा खोटा लहान येतो, टक्केवारी चांगली दिसते आणि आजार लपतो. म्हणून आलेख वर जाऊन सपाट होईपर्यंत, बहुतेकांच्या बाबतीत निदान सहा सेकंद, फुंकत राहायचं. तंत्रज्ञ ‘अजून, अजून’ म्हणून ओरडतो तो उगाच नाही.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकं बसलं. सुमारे चार हजार जादा मृत्यू झाल्याचा तेव्हाचा अंदाज होता. नंतरचे अंदाज त्याच्या कितीतरी पुढे गेले. त्यानंतर ब्राँकायटिसच्या संशोधनाला जोर आला. चार्ल्स फ्लेचर आणि सहकाऱ्यांनी १९६१ पासून आठ वर्षं लंडनच्या ७९२ नोकरदार पुरुषांचा श्वास पुन्हा पुन्हा मोजला. सिगारेट सोडल्यावर गेलेली क्षमता परत येत नाही, पण घसरणीचा वेग न ओढणाऱ्याइतका मंदावतो, हे त्यातून दिसलं. ‘आता सोडून काय उपयोग’ या प्रश्नाचं उत्तर तेव्हापासून तयार आहे. चुलीचा धूर आणि खाणीतली धूळ यांनीही हाच आजार होतो, ही गोष्ट मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिली.

ऑक्सिजनचा इतिहास जास्त गुंतागुंतीचा. १९४०-५० च्या सुमारास डॉक्टरांच्या लक्षात आलं, की जुनाट फुप्फुसविकाराच्या काही रुग्णांना भरपूर ऑक्सिजन दिला की ओठांचा निळेपणा जातो, आणि मागोमाग माणूस पेंगुळतो, बरळतो, बेशुद्ध होतो. कारण म्हणजे साचणारा कार्बन डायऑक्साइड. ‘ऑक्सिजन मिळाला की श्वास घ्यायची प्रेरणाच जाते’ हे स्पष्टीकरण अजूनही ऐकू येतं; ते अर्धंमुर्धं खरं आहे. मोठं कारण वेगळं. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या शरीर आवळून धरतं आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतं. जास्तीचा ऑक्सिजन ही आवळण सोडवतो. रक्त पुन्हा निकामी भागातून फिरतं आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी धरतं, त्याची भर वेगळीच.

यावर १९६० मध्ये कॅम्पबेल यांनी व्हेंचुरी मास्क आणला. त्यात बाहेरची हवा ठरलेल्या प्रमाणात मिसळते आणि रुग्णाला नेमका २४ किंवा २८ टक्के ऑक्सिजन मिळतो. तरी रुग्णवाहिकेत मोठ्या प्रवाहाचा मास्क चढवायची सवय पुढे पन्नास वर्षं टिकली. टास्मानियात ४०५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१० साली आला: मोठ्या प्रवाहावरच्या गटात ९ टक्के मृत्यू, रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ टक्के राखून मोजका ऑक्सिजन दिलेल्या गटात ४ टक्के. सीओपीडीत ऑक्सिमीटरवर ९८ दिसणं ही आनंदाची बातमी नाही, ती त्यामुळे. घरच्या माणसांनी आकडा वाढवायला नळीचा प्रवाह परस्पर वाढवू नये. सकाळची डोकेदुखी, दिवसा न आवरणारी झोप, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही कार्बन डायऑक्साइड साचल्याची लक्षणं, आणि ती ऑक्सिमीटरवर दिसत नाहीत. ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर चालणारं हे यंत्र फक्त ऑक्सिजन पाहतं. गार बोट, नखांवरचा रंग आणि हालचाल यांनी ते चुकतं, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं.

आता १५ तासांचा हिशेब. १९६० च्या दशकात डेनव्हरमध्ये टॉमस पेटी यांनी रुग्णांना सोबत नेता येण्याजोगा ऑक्सिजन देऊन चालतं केलं, पण त्याने आयुष्य वाढतं का हे ठरलं नव्हतं. १९८० च्या अमेरिकी चाचणीत २०३ रुग्ण होते. फक्त रात्रीचे १२ तास ऑक्सिजन घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांत सुमारे ४१ टक्के दगावले. जवळपास दिवसभर, प्रत्यक्षात सरासरी १८ तासांच्या आसपास घेणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्के. १९८१ च्या ब्रिटिश चाचणीत रोज १५ तास घेणाऱ्या ४२ पैकी १९ आणि ऑक्सिजन न घेणाऱ्या ४५ पैकी ३० जण पाच वर्षांत गेले. आजचा नियम या दोन छोट्या चाचण्यांवर उभा आहे: तब्येत स्थिर असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ५५ मिमी (पाऱ्याच्या मापात) किंवा त्याहून कमी, किंवा ५६ ते ५९ आणि सोबत हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण किंवा रक्त दाट झालेलं. पातळी मध्यम खालावलेल्या ७३८ जणांची चाचणी २०१६ मध्ये आली, तिच्यात घरच्या ऑक्सिजनचा फायदा दिसला नाही. म्हणजे धाप लागते म्हणून ऑक्सिजन, हे समीकरण चुकीचं. धाप खूप आणि ऑक्सिजन पुरेसा, असे रुग्ण पुष्कळ असतात.

पंधरा तास भरायचे तर रात्रीची झोप आणि घरात बसून जाणारे तास धरावे लागतात. ‘त्रास झाला की थोडा वेळ’ याने ते भरत नाहीत. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे घरी ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र, खोलीतली हवा ओढून झिओलाइट या सच्छिद्र खनिजात नायट्रोजन अडकवतो, म्हणून तो भिंतीला किंवा पडद्याला चिकटवून ठेवला की तापतो आणि शुद्धता घसरते. बाहेरचा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावायचा. नळीतून हवा येते का अशी शंका आली तर नाकातलं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवावं; बुडबुडे नसतील तर नळीचा पीळ आणि ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण आधी पाहावं. वीज गेल्यास भरलेला सिलिंडर हाताशी हवा. ऑक्सिजन कपड्यांत आणि पांघरुणात मुरतो, त्यामुळे नळी काढून लगेच शेगडीशी जाणंही धोक्याचं. नाकाला पेट्रोलियम जेली नको, पाण्याच्या आधाराचं मलम चालतं.

इनहेलरची गोष्ट १९५५ मध्ये सुरू होते. त्याआधी रबरी फुग्याने दाबायची काचेची फवारणी असायची. ती फुटायची आणि दर वेळी वेगळा डोस द्यायची. रायकर लॅबोरेटरीजच्या जॉर्ज मेसन यांना त्यांच्या १३ वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं, की केसांच्या स्प्रेसारख्या डब्यात औषध का नाही मिळत. १९५६ मध्ये मोजका डोस सोडणारा पंप बाजारात आला. श्वासनलिका झटपट सैल करणारं सालब्युटामॉल १९६९ चं. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर पंपातला औषध ढकलणारा जुना वायू टप्प्याटप्प्याने गेला. नव्या वायूची फवारणी कमी गार आणि मऊ लागते, त्यामुळे पंप रिकामा आहे असं समजून अनेकांनी तो फेकला किंवा डोस दुप्पट घेतला.

मूळ अडचण आजही तीच: फवारा वेगाने येऊन घशावर आपटतो, आणि तंत्र चांगलं असूनही थोडाच भाग फुप्फुसात उतरतो. म्हणून स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, एक पफ दाबून तीन ते पाच सेकंदांत सावकाश ओढायचं, जमेल तर दहा सेकंद धरायचं. दुसरा पफ अर्ध्या मिनिटाने. दोन पफ एकदम स्पेसरमध्ये सोडले की औषधाचे थेंब एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन निथळत ठेवायचा, पुसायचा नाही, कारण घासल्याने स्थिर वीज तयार होते आणि ती औषध धरून ठेवते.

कोरड्या पावडरच्या यंत्रात सगळं उलट. तिथे पावडर फोडायची ताकद रुग्णाच्याच श्वासात, त्यामुळे सुरुवातीपासून जोरात आणि खोल ओढायचं, आणि यंत्रात श्वास सोडायचा नाही, नाहीतर ओलीने गुठळ्या होतात. एकाच रुग्णाला दोन्ही प्रकार लिहून दिले की दोन्ही चुकतात, आणि हे लिहून देणाऱ्यांच्या फार उशिरा ध्यानात येतं. इनहेलरमधलं स्टेरॉइड हाही असाच धडा. दम्यात ते मुख्य औषध, म्हणून सीओपीडीत सरसकट दिलं गेलं. २००७ च्या सहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत त्याने न्यूमोनिया वाढल्याचं दिसलं. आता झटके (आजार अचानक बळावणं) वारंवार येणाऱ्या आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जास्त असलेल्या रुग्णांनाच ते प्रामुख्याने देतात. घेतल्यावर चूळ भरून थुंकायची.

राहिला व्यायाम. अल्व्हन बॅराक यांनी १९५२ मध्येच ऑक्सिजन लावून चालवलेल्या रुग्णांची ताकद वाढल्याचं नोंदवलं होतं, तरी विश्रांतीचा सल्ला पुढे बरीच वर्षं चालू राहिला. फुप्फुस व्यायामाने सुधारत नाही हे खरंच, आणि विरोधकांचा मुद्दा तोच होता. पण धापेच्या भीतीने बसून राहिलेल्याच्या मांड्या सुकतात, थोड्या चालण्यानेही त्यात लॅक्टिक आम्ल साचतं, आणि ते निस्तरायला श्वास आणखी वाढतो. १९९१ मध्ये सरावानंतर हे लॅक्टिक आम्ल कमी होतं हे मोजून दाखवलं गेलं. २०१५ पर्यंत ६५ चाचण्या जमल्या, आणि ‘व्यायाम की नेहमीचे उपचार’ अशी तुलना पुन्हा करायची गरज उरली नाही.

कार्यक्रम सहसा सहा ते बारा आठवड्यांचा, आठवड्यातून दोन-तीन वेळा देखरेखीखाली. धाप किती लागली ते रुग्णाने स्वतः सांगायच्या शून्य ते दहाच्या बोर्ग पट्टीवर ती चार ते सहा इतकी लागली पाहिजे. दोनवर थांबणाऱ्याला फारसा फायदा होत नाही. सलग वीस मिनिटं जमत नसतील तर एक मिनिट चाल, एक मिनिट थांब, पण एकूण वेळ भरायचा. झटपट काम करणारा पंप १५ मिनिटं आधी. ऑक्सिमीटरवरची पातळी ८८च्या खाली गेली तर थांबायचं आणि चालताना ऑक्सिजन लागतो का ते तपासून घ्यायचं. वेग वाढला की आधीची हवा बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास येतो आणि छाती फुगत जाते, म्हणून नाकाने दोन अंक घ्यायचं आणि ओठांचा चंबू करून चार अंक सोडायचं. चढताना आणि वजन उचलताना श्वास सोडत जोर लावायचा; बहुतेकजण नेमके तेव्हाच तो रोखून धरतात.

सराव बंद पडला की मिळवलेला फायदा साधारण वर्षभरात ओसरतो. झटका येऊन दवाखान्यात राहिल्यावर तर काही दिवसांतच मांड्यांची ताकद घटते, त्यामुळे घरी आल्यावर महिनाभर वाट न पाहता पहिल्या चार आठवड्यांतच कार्यक्रम पुन्हा सुरू करायला सांगतात.