एप्सिलॉन-पॉलिलायसीन

मातीतील स्ट्रेप्टोमायसीस अल्ब्युलस या जीवाणूपासून मिळणारे, अन्न टिकवण्यासाठी वापरले जाणारे जीवाणुरोधी बहुवारिक (लहान एकके एकमेकांना जोडून बनलेला लांब साखळीचा रेणू). त्याच्या साखळीत लायसीन या ॲमिनो आम्लाची साधारणपणे २५ ते ३५ एकके असतात. प्रथिनांत ॲमिनो आम्ले आल्फा स्थानावरील ॲमिनो गटाने जोडली जातात. येथे मात्र ही जोडणी बाजूच्या शाखेच्या टोकाशी, म्हणजे एप्सिलॉन स्थानी होते आणि त्यावरूनच हे नाव पडले आहे.

शिमा आणि साकाई या जपानी संशोधकांनी या पदार्थाची पहिली माहिती १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. अल्कलॉइडांशी (मुख्यतः वनस्पतींत आढळणाऱ्या नायट्रोजनयुक्त संयुगांशी) नारिंगी साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, देणाऱ्या ड्रॅगेनडॉर्फ अभिक्रियाकारकाला प्रतिसाद देणारी संयुगे ते मातीतील सूक्ष्मजीवांत शोधत होते आणि स्ट्रेप्टोमायसीस अल्ब्युलसच्या ३४६ क्रमांकाच्या वाणाच्या संवर्धन द्रवात त्यांना हे बहुवारिक सापडले. अन्नरक्षण हा त्या शोधाचा हेतू नव्हता, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

साखळी कशी बनते आणि तिची लांबी कशी ठरते, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित होता. आधी लांब साखळी तयार होऊन नंतर एंझाइमांनी तिचे तुकडे होत असावेत, अशी एक शक्यता होती; या वाणात साखळी तोडणारे एंझाइम खरोखरच आढळत असल्याने ती सहज बाजूला सारता येत नव्हती. २००८ मध्ये कोशिकापटलात रुतलेले एकच संश्लेषक एंझाइम ओळखले गेले. रायबोसोमाची (कोशिकेतील प्रथिने बनवणाऱ्या घटकाची) मदत न घेता ते एकामागून एक लायसीन जोडत जाते आणि वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्याही तेच निर्माण करते, असे त्या अभ्यासात दिसून आले. हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते.

धनभारित साखळी जीवाणूच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटते. ग्रॅम-ऋण (कोशिकापटलाबाहेर आणखी एक पटल असलेल्या) जीवाणूंचे बाह्यपटल त्यामुळे सुटते, असे १९८४ च्या अभ्यासात मांडले गेले, तर अलीकडे कोशिकापटलातील मेदद्रव्यांच्या विस्कळीतपणावर भर दिला जातो. दोन्ही मते परस्परविरोधी नसावीत. परिणामासाठी साखळीत नऊहून अधिक एकके लागतात. एश्चेरिकिया कोलाय, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, लिस्टेरिया मोनोसायटोजेनीस इत्यादींची वाढ ते रोखते. प्रथिने आणि ऋणभारित बहुशर्करा यांच्याशी ते बांधले जात असल्यामुळे प्रयोगशाळेतील माध्यमात दिसणारा प्रभाव प्रत्यक्ष अन्नात तेवढाच मिळेल असे नाही.

जपानमध्ये त्याचा अन्नात वापर होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये शिजवलेला भात आणि सुशीचा भात यांत प्रतिकिलोग्रॅम ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या वापरास हरकत घेतली नाही. भाताच्या बाबतीत असा रक्षक उपयोगी का ठरतो, हे समजण्यासारखे आहे: बॅसिलस सीरियस या जीवाणूचे बीजाणू तांदूळ शिजतानाही तग धरतात आणि भात बराच वेळ कोमट राहिला तर रुजून वाढतात.