राजसंस्था आणि सशस्त्र सेना

राजा हाच सैन्याचा प्रमुख, ही कल्पना जवळजवळ राजपदाइतकीच जुनी आहे. राजाने स्वतः रणांगणात उतरायचे, जिंकलेला मुलूख आणि लूट वाटायची, आणि सैनिकांनी त्याच्याशी इमान राखायचे, असा हा मूळ व्यवहार. आजच्या बहुतेक घटनात्मक राजेशाह्यांत युद्धाचा निर्णय आणि सैन्याचा खर्च मंत्रिमंडळ व संसद यांच्या हाती असतो. राजाकडे उरतात ती सरसेनापतिपदाची बिरुदे, गणवेश, रेजिमेंटांची मानद पदे आणि पुष्कळ ठिकाणी सैनिकाची शपथ. हुकूम कोणाच्या नावाने निघतो आणि प्रत्यक्षात तो कोण देतो, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही देशातले हे नाते नीट कळत नाही.

इंग्लंडमध्ये हा वाद यादवी युद्धापर्यंत गेला. १६४२ साली नागरी फौजेवर हुकमत पहिल्या चार्ल्सची की संसदेची, हे वादाचे एक मुख्य कारण होते. १६८९ च्या हक्कांच्या सनदेने संसदेच्या संमतीविना शांतताकाळात खडे सैन्य बाळगणे बेकायदा ठरवले. रणांगणावर स्वतः सैन्य नेणारा शेवटचा ब्रिटिश राजा म्हणजे दुसरा जॉर्ज (डेटिंगेन, १७४३).

जपानने वेगळी वाट धरली. १८८९ च्या मेइजी राज्यघटनेच्या ११ व्या कलमाने लष्कर व नौदलाचे सर्वोच्च सेनापत्य सम्राटाला दिले. सेनाप्रमुखांना मंत्रिमंडळाला वगळून थेट सम्राटापुढे जाता येई. दिसायला हा सम्राटाचा अधिकार, पण त्याचा लाभ झाला सेनाधिकाऱ्यांना. १९३१ मध्ये जपानच्याच क्वान्तुंग सेनेने ईशान्य चीनमधील मंचुरियात परस्पर लढाई सुरू केली आणि सरकारला ती आवरता आली नाही. २६ फेब्रुवारी १९३६ रोजी तरुण अधिकाऱ्यांनी सम्राटाच्या नावाने टोकियोत बंड केले. ते मोडून काढा, असा आग्रह खुद्द सम्राट हिरोहितो यांनी धरला. ज्याच्या नावाने बंड झाले त्यालाच ते नको होते. १९४७ च्या राज्यघटनेत सम्राट केवळ राष्ट्राचे प्रतीक आहे.

स्पेनमधला प्रसंग याच्याशी ताडून पाहावा. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी लेफ्टनंट कर्नल अंतोनियो तेखेरो सशस्त्र सिव्हिल गार्डांसह (स्पेनच्या निमलष्करी पोलिसांसह) संसदेत घुसले आणि खासदारांना त्यांनी ओलीस धरले. व्हॅलेन्सियात जनरल मिलान्स देल बोश यांनी रस्त्यावर रणगाडे आणले. येथेही कटवाले राजाचे नाव पुढे करत होते. राजा हुआन कार्लोस यांनी प्रांतोप्रांतीच्या सेनापतींना फोन केले आणि मध्यरात्रीनंतर सरसेनापतीच्या गणवेशात दूरचित्रवाणीवर येऊन राज्यघटनेची बाजू घेतली. दुसऱ्या दिवशी खासदार सुटले. १९७८ च्या राज्यघटनेतील सर्वोच्च सेनापतिपद कागदावर प्रतीकात्मक होते. त्या रात्री अधिकाऱ्यांनी ते खरे मानले. लोकशाहीचे भवितव्य एका व्यक्तीच्या निवडीवर टांगून राहिले, ही मात्र व्यवस्थेतली उणीवच म्हणावी लागेल.

सेनापतिपद राजाला महागही पडते. रशियाच्या दुसऱ्या निकोलसने १९१५ मध्ये स्वतः सेनापत्य घेतले, आणि पुढचा प्रत्येक पराभव त्याच्या खाती जमा झाला. १९१७ मध्ये पदत्यागाचा सल्ला त्याच्याच सेनापतींनी दिला. बेल्जियमचा तिसरा लिओपोल्ड सेनापती या नात्याने मे १९४० मध्ये मंत्र्यांचा विरोध डावलून शरण गेला. तो वाद युद्धानंतरही शमला नाही आणि १९५१ मध्ये त्याला गादी सोडावी लागली. इजिप्त (१९५२), इराक (१९५८), लिबिया (१९६९) आणि इथिओपिया (१९७४) येथे तर राजेशाही सैन्यानेच उलथवली.

स्वीडनने १९७४ च्या राज्यघटनेने राजाचे सेनापत्य काढून घेतले. नेपाळमध्ये २००६ साली प्रतिनिधी सभेच्या घोषणेनंतर ‘शाही नेपाळी सेने’च्या नावातील ‘शाही’ गळले; दोन वर्षांनी राजेशाहीही गेली. थायलंडमध्ये प्रवाह उलटा दिसतो. २०१९ मध्ये एका अध्यादेशाने पहिली व अकरावी पायदळ रेजिमेंट थेट राजाच्या अखत्यारीत देण्यात आल्या, आणि संसदेत काही खासदारांनी त्याविरुद्ध मतदानही केले.