एका डोळ्यावर एकाच वेळी दोन शस्त्रक्रिया?

‘आधी मोतीबिंदू काढा, पडद्याचं (डोळ्याच्या मागच्या, प्रकाश टिपणाऱ्या थराचं) नंतर बघू, एका डोळ्याला एकाच वेळी दोनदा हात लावू नये’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो सरसकट खरा नाही.

भिंगामागची पोकळी व्हिट्रियस नावाच्या जेलीने भरलेली असते, साधारण 4 मिली. पडद्याच्या दुरुस्तीसाठी अनेकदा ती काढावी लागते. पण मोतीबिंदूमुळे भिंगच गढूळ असेल तर सर्जनला मागचा पडदा नीट दिसणार कसा? शिवाय पन्नाशीनंतर ही जेली काढली की बहुतेकांना दोनेक वर्षांत मोतीबिंदू वाढतोच. तेव्हा भिंगामागे जेलीचा आधार उरलेला नसतो, त्यामुळे तीच शस्त्रक्रिया जरा किचकट होते. म्हणून अनेकदा दोन्ही कामं एकाच बैठकीत उरकतात: आधी मोतीबिंदू, मग जेली.

याचे तोटे नाहीत असं मात्र कुणी सांगू नये. सूज थोडी जास्त येऊ शकते, चष्म्याचा नंबर किंचित चुकू शकतो, पडदा जागेवर दाबून ठेवायला आत वायू भरला असेल तर गढूळ भिंगाच्या जागी बसवलेलं नवं कृत्रिम भिंग पुढे सरकू शकतं. तरुण रुग्णाचं भिंग स्वच्छ असेल तर ते सहसा तसंच ठेवतात, कारण जवळचं-लांबचं फोकस करण्याची त्याची क्षमता साध्या कृत्रिम भिंगात नसते.