ट्विटरवर डॉक्टर शिकतात, म्हणजे नेमकं काय करतात?

‘सोशल मीडियावर शिकणारा डॉक्टर म्हणजे फॉरवर्ड वाचून औषध देणारा’ हा समज बरीच वर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. ‘नेफजेसी’ म्हणजे ‘नेफ्रॉलॉजी जर्नल क्लब’, त्याचंच बघा. जोएल टॉप्फ आणि स्वप्निल हिरेमठ या मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०१४ मध्ये ट्विटरवर (आताचं ‘एक्स’) हा उपक्रम सुरू केला. एक शोधनिबंध निवडायचा आणि ठरल्या वेळी देशोदेशीच्या डॉक्टरांनी त्याची चिरफाड करायची. रुग्ण कसे निवडले, तुलना कशाशी केली, निष्कर्ष ताणलाय का? कधी खुद्द लेखकच उत्तरं द्यायला हजर! तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला एरवी ही संगत कुठून मिळणार? मात्र नुसतं स्क्रोल करून डॉक्टर म्हणून असलेल्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. त्यासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमानुसार ५ वर्षांत निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट गुण लागतात.