सरकतं खुंटाळं: भिंतीत भोक पाडण्याआधी हे वाचा

माडावर चढणाऱ्याच्या कमरेला आकडी असते आणि आकडीत कोयता. दोन्ही हात मोकळे, पातं पाठीमागे, आणि न बघता हात नेला की मूठ हातात येते. हत्यार ठेवायची याहून नेटकी सोय आम्हाला तरी ठाऊक नाही. पण तोच कोयता घरी आला की वळचणीला खोचला जातो. कुदळ दाराआड उभी राहते, पटाश्या आणि कानशी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर जातात. पक्कड कुठे आहे ते घरातल्या एकालाच माहीत असतं, आणि तो नेमका बाजारात गेलेला असतो.

तुम्ही नेलेलं खुंटाळं, म्हणजे भिंतीवर हत्यारं टांगायची पट्टी, या पसाऱ्यासाठी आहे. आधी आम्हीही शहरातून येणारे भोकांचे बोर्ड विकत होतो. पहिल्या पावसाळ्यातच त्यांचा भुसा फुगला, भोकं सैल झाली आणि आकडे हत्यारासकट खाली आले. दुसरी अडचण मापाची. ते बोर्ड कारखान्यात एका मापात निघालेल्या हत्यारांसाठी असतात. आपल्याकडे कुदळीचा दांडा परसातल्या लाकडाचा, कोयत्याची मूठ लोहाराने हाताने बसवलेली, आणि विळे म्हणाल तर गावच्या लोहाराचा साधा विळा आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव' विळा एका आकड्यावर सारखे बसत नाहीत. म्हणून भोकं ठरलेली न ठेवता आम्ही अख्खी पट्टीच सरकती केली.

पेटीत काय आहे

ॲल्युमिनियमची एक पट्टी, ६० किंवा ९० सेंटिमीटर, जशी तुम्ही घेतली असेल तशी. तिच्या खाचेत सरकणारे तुकडे. यांना आमच्या शेडमध्ये आम्ही 'घोडे' म्हणतो, दुसरं नाव सुचलं नाही. घोडा हवा तिथे सरकवायचा आणि विंगनट हाताने आवळायचा. हाताने म्हणजे हातानेच. पक्कड लावून आवळलं की पट्टीच्या खाचेचा ओठ उघडतो, मग तो घोडा जन्मभर डुलतो. दुरुस्तीला आलेल्या बहुतेक पट्ट्या आम्ही अशाच पाहिल्या.

घोडे तीन तऱ्हेचे. आकड्यावर करवत, गुण्या, विळा, कोयता. खोबणीत पटाश्या, पेचकस आणि कानशी. तिचं तोंड ६ ते ४० मिलिमीटरपर्यंत कमीजास्त होतं. आणि चिमटा, ज्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त फोन त्याच्यासाठी येतात.

चिमटा धरतो कसा

चिमट्यात रबराच्या दोन लाट्या आहेत. त्या तिरप्या खाचांत बसतात, आणि खाचा खाली येताना एकमेकींच्या जवळ येतात. दांडा पुढून आत ढकलून जरा वर उचलला की लाट्या वर सरकतात आणि त्यांच्यातलं अंतर वाढतं. हात सोडला की दांड्याचं वजनच त्यांना खाली ओढतं, आणि खाली म्हणजे जवळ. थोडक्यात, हत्यार जेवढं जड तेवढी पकड घट्ट. काढायचं असेल तेव्हा आधी वर उचला, मग पुढे घ्या. सरळ पुढे ओढाल तर लाट्या सोलवटतील आणि दोष चिमट्याला जाईल.

१८ ते ३८ मिलिमीटर जाडीचा दांडा यात बसतो. कुदळ-फावडं तोंड वर करून अडकवा, दांड्याचा शेंडा खाली. आपला दांडा तोंडाकडे जाड आणि टोकाकडे बारीक असतो. तोंड वर असलं की हत्यार घसरलंच तर जाड भाग लाट्यांत येऊन अडकतो. उलटं टांगलं तर घसरता घसरता बारीक भाग येतो आणि कुदळ थेट पायावर.

तेलकट दांडा चिमट्यात राहत नाही. प्लॅस्टिकचा किंवा गुळगुळीत पाइपाचा दांडाही राहत नाही. त्यांना आकडाच बरा.

लाट्या दोन रबरांच्या मिळतात. मागच्या बाजूला पांढरा ठिपका असलेल्या ईपीडीएम रबराच्या. ऊन आणि वारा सोसतात, पण डिझेल-ग्रीस लागलं की फुगतात. लाल ठिपक्याच्या नायट्राइल रबराच्या. त्यांना तेलाचं काही वाटत नाही, मात्र उन्हात राहिल्या तर चिरा पडतात. पडवीत पांढरा, गॅरेजात आणि बोटीवर सावलीच्या जागी लाल. बदलून हव्या असतील तर महिन्याच्या आत आणून द्या, पैसे नाहीत.

पारय, म्हणजे पहार, चिमट्यात घालू नका. २५ मिलिमीटर जाडीची, दीड मीटर लांब लोखंडी पारय साधारण पावणेसहा किलो भरते. ती जमिनीवरच उभी राहू द्या, खाली रबराचा तुकडा ठेवा आणि वरून पडू नये एवढ्यापुरता एक आकडा तिला अडकवा.

चिऱ्याची भिंत

खुंटाळं पडलं अशी तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न असतो, भिंत कशाची? बहुतेक वेळा उत्तर एकच: चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर राहून वरून कडक होतो. त्यामुळे ड्रिल टेकवताच दगड चांगला लागतो, इंचभर गेलं की बिट एकदम लोण्यात शिरावं तसं आत जातं. आत पोकळ्या असतात, मातीचे मऊ कप्पे असतात. अशा भोकात प्लॅस्टिकची गिट्टी, म्हणजे रावळप्लग, आवळताना घट्ट वाटतो आणि पंधरा दिवसांनी स्क्रूसकट हातात येतो.

यासाठी ड्रिलचं हॅमर बंद ठेवा, नुसतं फिरवून भोक पाडा. हॅमरने भोक आतल्या आत रुंद होतं. भोकातून लाल भुकटी येत असेपर्यंत ठीक. पिवळी, चिकट माती यायला लागली की ती जागा सोडा आणि दोन बोटं बाजूला सरका. सांध्यातही भोक नको. भुकटी फुंकून पूर्ण काढल्याशिवाय गिट्टी बसवू नका (डोळे मिटून फुंका, आमच्या पोराने उघडे ठेवले होते).

आमचा आग्रह मात्र वेगळा आहे. पट्टी थेट चिऱ्यावर ठोकूच नका. आधी घरात असेल त्या जुन्या पक्क्या लाकडाची, फणसाची किंवा सागाची, तीन इंच रुंद फळी लांब स्क्रूंनी भिंतीला चार-पाच ठिकाणी धरा आणि पट्टी त्या फळीवर बसवा. एखादा स्क्रू दगा देतो, बाकीचे तगतात. भिंत फारच भुसभुशीत असेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरून स्क्रू जखडणारं रसायन, वापरा, पण त्यासोबत मिळणारी जाळीची नळी घेतल्याशिवाय नको. नळी नसेल तर सगळं रसायन पोकळ्यांत वाहून जातं. मातीच्या भिंतीवर यातलं काहीच चालत नाही. तिथे फळी दोन खांबांना आडवी बांधा.

नीट बसवलेल्या ९० सेंटिमीटरच्या पट्टीवर एकूण २५ किलोपेक्षा जास्त वजन टांगू नका. वीजवाहिनी कुठून गेली आहे ते आधी बघा, हे सांगायला नको.

खारा वारा

मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते, हे घराघरात माहीत आहे. तेच तुमच्या पटाशीच्या धारेवर होत असतं, दिसत नाही इतकंच. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी ओढतं. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांपासूनच ओलं राहतं. म्हणजे पुळणीवरच्या घरात मार्गशीर्षातल्या कोरड्या दुपारीसुद्धा क्षार बसलेलं पातं खऱ्या अर्थाने सुकलेलं नसतं. नुसत्या कोरड्या फडक्याने पुसून हे क्षार जात नाहीत. गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने आधी पुसा, मग कोरडं करा, मग तेल.

तेल कोणतं, यावर आमच्याकडेच दोन मतं आहेत. नारळ सोलायच्या आणि शहाळं तासायच्या कोयत्याला खोबरेल लावा, कारण ते पोटात जाणार. पटाशी, रंध्याचं पातं, पाने यांना मशीनचं पातळ तेल. गाडीचं काळं जळकं तेल फुकट मिळतं म्हणून पुष्कळ जण फासतात. त्यात आम्लाचा अंश आणि कीट असतं, आम्ही लावत नाही. लाकडी मुठींना जवसाचं तेल उत्तम, पण ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचं फडकं सुकताना आपोआप तापतं आणि पेटूही शकतं. पसरून वाळवा.

आणि गोणपाट सोडा. ताग हवेतली ओल शोषून धरून ठेवतो, ती थेट लोखंडाला देतो. हत्याराला खरं तर झाकण नको असतं, वारा हवा असतो. म्हणूनच पट्टी भिंतीपासून १२ मिलिमीटर पुढे राहील असे ठोकळे दिले आहेत. ते 'जादाचे' समजून काढून ठेवू नका. मागून वारा खेळला नाही तर भिंतीची ओल हत्यारावर येते.

भिंत निवडताना पाऊस कुठून झोडपतो ते बघा. आपल्याकडे तो पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या भिंती श्रावणापर्यंत ओल्याच. घराच्या मधली भिंत सगळ्यात बरी, स्वयंपाकघराला लागून असेल तर आणखी बरी.

स्टीलबद्दल, आमच्या चुकीसकट

सुरुवातीला आम्ही झिंक चढवलेल्या साध्या लोखंडाचे आकडे दिले. शेडमध्ये ते चकचकीत दिसायचे. मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका गिऱ्हाइकाने गणपतीनंतर ते परत आणले. आकडे तपकिरी, आणि भिंतीवर प्रत्येकाखाली गंजाचा एकेक ओघळ. ते काही बोलले नाहीत. टेबलावर ठेवले आणि चहा घेऊन गेले. त्यानंतर लोखंड बंद केलं.

आता आकडे ३०४ आणि ३१६ अशा दोन प्रतींच्या स्टेनलेस स्टीलमध्ये येतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये त्याखेरीज २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, आणि खाऱ्या हवेत फरक पडतो तो त्याच्यामुळे. कणकवली, कुडाळ, लांजा अशा आतल्या गावांना ३०४ पुरे. वेंगुर्ला, मालवण, देवगड, हर्णै, जिथे गाजेचा आवाज घरात येतो तिथे ३१६ घ्या, महाग असलं तरी. ३०४ तिथे लगेच कुजणार नाही, पण चहा सांडल्यासारखे डाग पडत राहतील.

काही गिऱ्हाइकं चुंबक घेऊन येतात. चुंबकाने ३०४ आणि ३१६ यांतला फरक कळत नाही, दोन्ही जवळपास चिकटत नाहीत. उलट वाकवलेल्या जागी चांगलं स्टीलही थोडं ओढ घेतं. आकड्यावर ठोकलेला अंक वाचा.

स्क्रू हरवला तर घरातला लोखंडी लावू नका. स्टीलच्या स्क्रूखालचा पांढरा नायलॉन वॉशरही फेकू नका. खाऱ्या ओलाव्यात स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली तर वॉशर गेला असं समजा.

मिरग आणि शिमगा

लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. वैशाखात ढिली झालेली कोयत्याची मूठ आषाढात आपोआप घट्ट होते, ते यामुळेच. खोबणीचं तोंडही तसंच वर्षातून दोनदा बघा: मिरगात अर्धा आटा सैल, शिमग्याला अर्धा आटा घट्ट. आमच्याच शेडमध्ये हे राहून गेलं होतं. मार्चमध्ये मूठ आकसलेली पटाशी खोबणीतून सरळ खाली आली आणि बुटाच्या चामड्यात उभी राहिली. आत अंगठा होता, थोडक्यात वाचला.

कोयता पोरांच्या हातापासून वर, साडेपाच फुटांच्या पुढे, धार भिंतीकडे. प्रत्येक हत्यारामागे खडूने त्याची आकृती काढून ठेवा. संध्याकाळी रिकामी आकृती दिसली की काहीतरी माडाखाली राहिलंय हे कळतं.

बोटीवर लावणार असाल तर विंगनट काढून नायलॉनच्या कड्याचे नट बसवा, इंजिनाच्या थरथरीने विंगनट सुटतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, त्या वेळी पट्टी उतरवून गोड्या पाण्याने धुऊन ठेवावी.

चाकरमान्यांसाठी एक गोष्ट. चतुर्थी झाली की घराला कुलूप लागतं आणि मे महिन्यातच उघडतं. निघायच्या दिवशी घाई असते, म्हणून आदल्या दिवशीच हत्यारं पुसून, तेल लावून टांगा. वर प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. शेजारी किल्ली असेल तर त्यांना महिन्यातून एकदा खिडकी उघडायला सांगा.

सुटे घोडे, लाट्या आणि वॉशर कायम मिळतात, एकेक नगही देतो. लांबचं गाव असेल तर एसटीच्या पार्सलने पाठवतो. कळवताना पट्टीची लांबी, स्टीलची प्रत आणि ठिपक्याचा रंग सांगा. दांड्याचं माप सांगता येत नसेल तर दांड्याभोवती सुतळी गुंडाळून तेवढी कापा आणि तीच पाठवून द्या.