सूक्ष्माक्षरांची चित्रं : वाचता येण्याचा जुना वाद

गणेशोत्सव जवळ आला की पुण्यात अथर्वशीर्षाच्या बारीक अक्षरांतून साकारलेले गणपती दिसू लागतात. त्यांचं मूळ सांगताना संस्कृत कवी भारवी-माघांच्या काव्यातले सर्वतोभद्र, गोमूत्रिका असे बंध, म्हणजे अक्षरं आकृतीत मांडलेले श्लोक, पुढे केले जातात. ते मला पटत नाही. बंधात एकच अक्षर अनेक ओळींत वाचायचं असतं. ते कसब कवीचं. इथे सगळी मदार हातावर.

या कलेचा ठळक माग ज्यू लेखनिकांपर्यंत जातो. हिब्रू बायबलचा पाठ बिघडू नये म्हणून ते समासात बारीक टिपा लिहीत. दहाव्या शतकाच्या सुमारास त्या टिपांच्याच ओळी वळवून नक्षी होऊ लागली. 1008-09 च्या सुमारास कैरोत लिहिलेल्या एका प्रतीत अशा नक्षीची पूर्ण पानं आहेत. पुढे जर्मनीत पक्षी, झाडं, श्वापदं आली आणि वाद पेटला. तिथल्या एका धर्मनीतिग्रंथाने बजावलं की, लेखनिकाला काम देतानाच अट घाला, टिपांची चित्रं करू नकोस. पाठ राखायला लिहिलेलं वाचताच आलं नाही तर उपयोग काय? आक्षेप रास्तच होता. तरीही चित्रं थांबली नाहीत. जन्मतः हात-पाय नसलेल्या एका जर्मन कलावंताने तर 1724 मध्ये स्वतःच्या व्यक्तिचित्रातल्या केसांच्या बटांत बायबलमधली सात स्तोत्रं भरली.

देवनागरीत हा प्रश्न अधिक अवघड होतो. वेलांटी-उकारांना वर-खाली जागा लागते, त्यामुळे ओळी घट्ट बसत नाहीत. शिरोरेषेची काळी पट्टी होते, म्हणून अनेकजण ती गाळतात. वाचन अडत नाही, तेव्हा ते चालेल. पण सोंडेच्या वळणावर दाटी झाली की पहिला बळी अनुस्वाराचा. अथर्वशीर्षात मात्र ‘अनुस्वारश्चान्त्यरूपम्’, म्हणजे अनुस्वार हे मंत्राक्षराचं शेवटचं रूप, असं स्पष्ट म्हटलं आहे. तिथे टिंब गाळणं ही सवलत नव्हे, चूक आहे.

बोरू-टाकाने इतकं बारीक लिहिणं मोजक्यांनाच जमे. 1982 मध्ये जपानमध्ये पाण्याने न फुटणारी पिगमेंट शाई आली, तिची पेनं यथावकाश पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातही मिळू लागली. 0.2 मिलिमीटरची रेघ विद्यार्थ्याच्या हाती आली. आता संगणक फोटोत मजकूर ओततो, पण कडेला शब्द अर्धाच कापतो. लेखनिकांच्या परंपरेत त्याला धरू नये.